रिकामी लिफ्ट

“मामा, जरा भिंतीकडे सरका. पेशंट येतोय,” डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या.

मी सरकलो. चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या जाळीसमोर त्या उभ्या होत्या. अंगात हिरवा झगा, डोक्यावर टोपी आणि नजर जाळीच्या वरच्या काट्यावर. काटा तळमजल्यावरच होता. जिना त्यांच्या पाठीमागे निघतो, त्यामुळे मी वर केव्हा पोचलो हे त्यांना कळलं नव्हतं. मला खाली बसावंसं वाटत होतं. पण पेशंट यायच्या वेळी वाटेत बसलेल्या माणसाची किती अडचण होते हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून भिंतीला टेकून उभा राहिलो.

“घंटा होऊन दहा मिनिटं झाली. लिफ्ट खालीच का?” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या आणि मग त्यांना माझी आठवण झाली. “आणि तुम्ही इथे कसे? लिफ्टवर कोण आहे?”

“वॉचमन आहे बाई. मला सिस्टरनी वर जायचंय म्हणून सांगितलं.”

“कशाला?”

“तुम्हाला दाखवायला. सकाळपासून छातीत जरा धरल्यासारखं झालंय. पण तुमचा पेशंट होऊ द्या आधी. मला घाई नाही.”

आता त्या पूर्ण वळल्या. माझ्या शर्टाची वरची बटणं उघडी होती, छातीवर तपासणीचं चिकट औषध तसंच होतं आणि गंजीफ्रॉक घामानं अंगाला चिकटला होता.

“तुम्ही जिन्याने आलात?”

“तीन घंटा झाल्या ना. लिफ्ट रिकामी नको का ठेवायला?”

“कोणासाठी?”

“पेशंटसाठी.”

माझा दंड धरून बाईंनी आतल्या माणसांना हाक दिली, “पेशंट आलाय, चला.”

मी जिन्याकडे वळून पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं.

या गोष्टीला रुग्णालयातले लोक अजून हसतात. हसू देत. पण ती घडली कशी हे सांगायचं तर आधी लिफ्टचं सांगावं लागेल.

एकतीस वर्षं मी ती लिफ्ट चालवली. जुनी लिफ्ट होती. जाळीची दोन दारं हातानं ओढायची, पितळी हँडल डावीकडे ढकललं की वर, उजवीकडे ढकललं की खाली. बटणाची लिफ्ट मजल्याशी आपोआप थांबते. ही थांबवावी लागे. हँडल जरा लवकर सोडलं की लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांत दोन बोटांचा फरक राही, आणि स्ट्रेचरचं चाक त्या दोन बोटांवरून गेलं की वरचा माणूस कण्हत असे. माझ्या हातून फार चाकं आपटली नाहीत. त्याबद्दल कोणी कधी काही बोललं नाही, आणि बोलायचं कारणही नव्हतं. न आपटलेलं चाक कोणाच्या ध्यानात राहतं?

माझ्या नोकरीला सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. छातीत कळ आलेल्या एका माणसाला तळमजल्यावर आणलं होतं आणि मी सहाव्या मजल्यावर होतो. लिफ्टमध्ये धुण्याच्या कपड्यांची ढकलगाडी आणि पेशंटला भेटायला आलेली माणसं. प्रत्येक मजल्यावर थांबत, माणसं उतरवत, चढवत मी खाली आलो. त्या माणसाची बायको जाळीशी उभी होती. आरडाओरडा नाही, रडणं नाही. एवढंच म्हणाली, “कुठे होती हो लिफ्ट?” तो माणूस गेला. लिफ्टमुळे नाही, असं सगळे म्हणाले. मी मान हलवली, पण तिला काय उत्तर द्यायला हवं होतं हे मला अजून सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅज्युअल्टीच्या सिस्टरना विचारलं, असा पेशंट आला की मला आधीच कळवता येईल का. त्या तेव्हा नव्या होत्या, पोरसवदा. त्यांनीच साहेबांच्या मागे लागून टेबलाखाली बटण बसवून घेतलं. तीन घंटा वाजल्या की हृदयाचा पेशंट. मग मी कोणत्याही मजल्यावर असो, लिफ्टमधली सगळी माणसं उतरवून रिकामी लिफ्ट तळमजल्याला आणायची. भेटायला आलेले, साफसफाईवाले, डॉक्टर, कोणीही असो. एकदा मी रुग्णालयाच्या सर्वांत मोठ्या साहेबांना तिसऱ्यावर उतरवलं होतं. ते लाल झाले. म्हणाले, “तुला माहीत आहे का मी कोण आहे?” मी म्हटलं, “माहीत आहे साहेब, म्हणूनच सांगतो, तुम्हाला दोन पाय आहेत.” त्यांनी माझी तक्रार केली नाही. पुढे तीन घंटा झाल्या की आपण होऊन उतरायचे.

याच सिस्टरनी मला अक्षरं शिकवली. आकडे मला येत होते, मजल्यांपुरते. पाट्या मात्र वाचता येत नसत. चाळिशी उलटली होती, लाज वाटायची. दुपारी लिफ्टला गर्दी नसे तेव्हा त्या माझ्यासोबत एक फेरी मारायच्या आणि प्रत्येक मजल्याची पाटी वाचायला लावायच्या. आधी “अस्थिरोग”, मग “बालरोग”. माझी बाराखडी आजारांच्या नावांनी सुरू झाली. पण झाली.

तर त्या दिवशीची गोष्ट. पहाटे पाचला जाग आली तीच छाती आवळल्यासारखी होऊन. डाव्या खांद्यापासून जबड्यापर्यंत काहीतरी ओढत होतं. बायको उठून बसली.

“काय होतंय?”

“काही नाही. पाठ अवघडली.”

“पाठ अवघडली की माणूस छाती चोळतो का?”

“झोप तू.”

सातला मी कामावर गेलो. बदलीचा माणूस त्या महिन्यात रजेवर होता. मनात म्हटलं, दुपारी दाखवू. एकतीस वर्षांत असे किती पेशंट मी वर नेले असतील. घाम, राखाडी चेहरा, छातीवर मूठ. तरी त्यांच्यात आणि माझ्यात मला काही साम्य दिसलं नाही. ते आडवे असायचे. मी उभा होतो.

साडेआठला सिस्टर लिफ्टच्या कोपऱ्यावरून जाता जाता थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मामा, हँडल सोडा आणि माझ्याबरोबर चला.” वॉचमनला त्यांनी लिफ्टवर उभं केलं. मला कॉटवर झोपवून तारा लावल्या, कागद बाहेर आला, तो त्यांनी दोनदा पाहिला. मग अगदी सहज म्हणाल्या, “थोडा फरक दिसतोय. वर चौथ्यावर जायचंय, बाई बघतील. पडून राहा, मी आलेच.” आणि फोन करायला, व्हीलचेअर आणायला गेल्या. जाता जाता टेबलाखालचं बटण त्यांनी तीनदा दाबलं असणार. मला दिसलं नाही. फक्त घंटा ऐकू आल्या. एक, दोन, तीन.

मी उठून बसलो. वॉचमन नवा होता, त्याला हे जमेल का, ही पहिली काळजी. बाहेर येऊन पाहतो तर त्यानं लिफ्ट खाली आणून, रिकामी करून, जाळी उघडी धरली होती. बरं वाटलं. मग आठवलं की सिस्टरनी मला वर जायला सांगितलंय. लिफ्टमध्ये पाऊल टाकायचा प्रश्नच नव्हता. तीन घंटा झाल्यावर कर्मचाऱ्यानं जिन्यानं जायचं, हे मीच दोन तपं लोकांना सांगत आलो होतो. वॉचमनला म्हटलं, “हलू नकोस इथून. पेशंट येईपर्यंत कोणाला आत घेऊ नकोस.” तो म्हणाला, “बरोबर मामा.”

दुसऱ्या मजल्यापर्यंत मला दोनदा थांबावं लागलं. तिसऱ्याच्या वळणावर कठडा धरून उभा होतो तेव्हा खालून आवाज येत होते. सिस्टर कोणाला तरी विचारत होत्या, “इथला पेशंट कुठे गेला?” मनात आलं, काय माणसं असतात, एवढ्या घाईच्या वेळी पेशंट हरवतात. आणि मी पुढे चढलो.

आत टेबलावर घेतल्यावर एका सिस्टरनी कागद आणि पेन समोर धरलं. “मामा, इथे सही.”

मी कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. अक्षरं येत नव्हती तेव्हा मी अंगठा देत असे, आणि एकदा अशाच न वाचलेल्या अंगठ्यानं माझं भावाशी कायमचं वाकडं झालं होतं. म्हणून अक्षरं आल्यापासून न वाचता सही करायची नाही, असा माझा पण होता. मी अजून बोट ठेवून वाचतो.

“मी… खाली… सही… करणार…”

“मामा,” डॉक्टरीणबाई मनगटाला औषध लावता लावता म्हणाल्या, “तुमची एक नळी पूर्ण बंद आहे. तिच्या पलीकडचा स्नायू आत्ता, या घडीला, रक्तावाचून मरतोय. तुम्ही एक ओळ वाचता तेवढ्यात थोडा जातो. मी काय करणार ते तोंडी सांगते. मनगटातून बारीक तार आत घालणार, फुग्यानं नळी उघडणार, परत मिटू नये म्हणून आत जाळीची नळकांडी बसवणार. जिवाला धोका थोडा आहे. न केलं तर पुष्कळ आहे. आता तुम्ही ठरवा.”

मी सही केली. तेवढी एकच सही मी न वाचता केली आहे, आणि त्या सहीचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

दुखणं किती होतं ते मला ते थांबल्यावर कळलं. पहाटेपासून कोणीतरी छातीवर बसलं होतं ते एकाएकी उठून निघून गेलं. मी म्हटलं, “बाई, थांबलं.” त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, “दिसतंय मला.”

संध्याकाळी सिस्टर ड्यूटी संपवून वॉर्डात आल्या. माझी बायको शेजारी स्टुलावर होती. सिस्टर पलंगाच्या कडेशी उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

“मामा, चूक माझी झाली. तुम्ही घाबराल म्हणून मी सरळ सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. अकरा मिनिटं गेली.”

“सरळ सांगितलं असतंत तर मी आणखी भरभर चढलो असतो,” मी म्हटलं.

त्यांना हसू आलं नाही. डोळे भरले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या. त्यांनी ते ऐकलं होतं.

“सिस्टर, अकरा मिनिटांचा हिशोब तुम्ही एकट्या नका करत बसू,” त्या म्हणाल्या. “मामा, कळ केव्हा सुरू झाली?”

मी बायकोकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. “पाचला,” ती म्हणाली. “पाच वाजता. मला म्हणाले पाठ अवघडली.”

“म्हणजे साडेतीन तास,” बाई म्हणाल्या. “ते तुम्ही दिलेत, मामा. सिस्टरनी तुम्हाला कोपऱ्यावर पाहिलं नसतं तर दुपारपर्यंत दिले असतेत. मग मी काही करू शकले नसते.”

मग बायको उठली आणि तिनं स्वतःचं स्टूल सिस्टरपुढे सरकवलं. “बसा हो,” म्हणाली. “दिवसभर उभ्या आहात.” सिस्टर बसल्या. आभार मानायला मला शब्द सापडत होते, पण बायकोनं स्टूल दिलं त्यापुढे ते बोलायची गरज वाटली नाही.

बाईंनी मग कागदाच्या पाठीमागे हृदयाचं चित्र काढून दाखवलं. नळ्या तीन. एक बंद होती ती उघडली. उरलेल्या दोन अरुंद झालेल्या, पण वाहत्या.

“मग त्याही लगे हाथ उघडायच्या होत्या,” बायको म्हणाली.

“काही जणांच्या उघडतो. यांचं मूत्रपिंड थोडं अशक्त आहे. आत रंगाचं औषध सोडावं लागतं, ते एका दिवशी फार झालं तर तिकडे त्रास होतो. आणि हृदय आज थकलंय. त्याला तीन आठवडे देऊ. पण तीन आठवडे म्हणजे तीनच. मला बरं वाटतंय, पुढच्या महिन्यात बघू, असं चालणार नाही. जी बंद होती तिला थांबायला वेळ नव्हता. या दोघींना थोडा आहे, पण कायमचा नाही.”

घरी आल्यावर मला खरंच बरं वाटायला लागलं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. वॉचमन एक दिवसाआड येऊन लिफ्टच्या बातम्या देत असे. “मामा, काल पाचव्यावर वीतभर वर थांबली. एक आजीबाई म्हणाल्या, उडी मारू का.” किंवा, “मामा, आयुष्यभर बाहेर जाळी ओढलीत, आता आत बसवून घेतलीत होय.” त्याच्या बोलण्यावर मी हसायचो आणि रात्रभर माझा हात हँडल शोधत असायचा. अठराव्या दिवशी मी बायकोला म्हटलं, “आठ दिवस कामावर जाऊन येतो. चाकं आपटतायत. मग करू ते दुसरं.”

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी पूर्ण केली, मग बोलली.

“मी पाच वाजता विचारलं होतं.”

“आता तसं काही नाही गं. खरंच बरं आहे.”

“असेल. पण तुमच्या ‘बरं आहे’वर आता माझा विश्वास नाही. बाईंनी दिलेल्या तारखेवर आहे. मंगळवारी जायचं. मी रिक्षा सांगितलीय.”

चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी इतकी सरळ क्वचितच बोलली असेल. मी मंगळवारचं कबूल केलं. तिनं माझं त्या दिवशीचं खोटं एकदाच काढलं, पुन्हा कधी काढलं नाही. हे मी तिचे उपकार मानतो.

या वेळी सहीचा कागद मी दोन दिवस आधी मागून घेतला होता. चार पानं. घरी बसून बोट ठेवून सगळी वाचली. मंगळवारी बाईंना विचारलं, “यात तीनदा ‘क्वचित प्रसंगी’ लिहिलंय. क्वचित म्हणजे किती?”

“तुम्ही लिफ्ट चुकीच्या जागी थांबवली असेल तितक्या वेळा.”

“मग थोडी भीती आहे म्हणायची,” मी म्हटलं आणि सही केली. चारी पानांवर.

वॉचमननं मला स्ट्रेचरवरून लिफ्टमध्ये घेतलं. एकतीस वर्षांत मी त्या लिफ्टचं छत कधी पाहिलं नव्हतं. पाहायची वेळच आली नव्हती. मी ज्यांना वर नेलं त्या सगळ्यांनी तेच पाहिलं असणार. दिव्याच्या काचेत मेलेल्या किड्या-पाखरांचा थर होता आणि एका कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटलेले. मी रोज जाळी पुसत असे, हँडल चमकवत असे, फरशी धूत असे. वर कधी पाहिलं नाही. मनात म्हटलं, कामावर आलो की आधी ही काच पुसायची. वॉचमन जीभ दाताखाली धरून काट्याकडे बघत होता. चौथ्यावर त्यानं हँडल सोडलं, पुन्हा थोडं ढकललं, पुन्हा सोडलं. चाकं बाहेर गेली तेव्हा मला काही जाणवलं नाही.

“जमलं?” त्यानं विचारलं.

“जमलं,” मी म्हटलं. “केसाइतका फरक नाही.”

तो जाळीशी उभा राहून इतका खूश झाला की मला माझेच पहिले दिवस आठवले.

त्या दिवशी उरलेल्या दोन्ही नळ्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडण्याआधी बाईंनी हृदयाची तपासणी केली, पोटाची करतात तशी, छातीवर यंत्र फिरवून. खोलीत अंधार केला होता आणि पडदा माझ्या बाजूला वळवला होता. बायको उशाशी उभी होती.

राखाडी पडद्यावर माझं हृदय दिसत होतं. मूठ उघडावी आणि मिटावी तसं ते उघडत होतं, मिटत होतं. बाई बोटानं दाखवत होत्या. “ही भिंत छान चालतेय. हीसुद्धा. हे खालचं टोक बघा.”

खालच्या टोकाशी एक कोपरा होता. चवलीच्या नाण्याएवढा. तो हलत नव्हता.

“हा तेवढा गेला,” बाई म्हणाल्या. “हा आता परत नाही यायचा. बाकी सगळं शाबूत आहे, तिन्ही नळ्या मोकळ्या आहेत. तेवढ्यावर तुमचं पुष्कळ वर्षं निभेल.”

“दुखतो का तो?” बायकोनं मला विचारलं.

“नाही.”

“मग असू दे,” ती म्हणाली, आणि माझ्या पायांवरची चादर तिनं उगाचच नीट केली.

बाईंनी यंत्र तिथेच धरून ठेवलं होतं. मी त्या कोपऱ्याकडे पाहत राहिलो. तो स्वतः काही करत नव्हता. पण आजूबाजूचा स्नायू प्रत्येक ठोक्याला आत ओढला जायचा आणि त्याच्याबरोबर तोही थोडा आत जायचा, थोडा बाहेर यायचा, मांडीवर घेतलेल्या झोपलेल्या मुलासारखा.